देठाजवळची खूण

३ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. तार मिळाली असेल. तारेत मावलं तेवढं लिहिलं होतं, बाकीचं आता लिहितो.

तुमची बहीण गेल्या मंगळवारी सकाळी गेली. शेवटी त्रास फारसा झाला नाही. आदल्या दिवशी तिने खिडकी उघडी ठेवायला सांगितली होती, तेवढंच बोलली. मी जवळ होतो.

आजार ऑगस्टात कळला. डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं. मी तिला सांगितलं नाही. अशक्तपणा आहे, पथ्य पाळलं की बरं वाटेल, एवढंच म्हणालो. तिचा त्यावर विश्वास बसला. शेवटपर्यंत तिला माहीत नव्हतं, हे एक बरं झालं. तुम्हाला कळवावं असं माझ्या मनात होतं, पण ती म्हणाली, "दादाला उगाच कशाला? बरी झाले की मीच कळवीन." म्हणून राहिलं.

तुमच्या वडिलांच्या जमिनीत तिने तीन वर्षांपूर्वी व्हॅनिलाचे वेल लावले होते. या जूनमध्ये त्यांना पहिल्यांदा फुलं आली. त्यांच्या शेंगा आता वेलांवर आहेत. मार्चमध्ये काढायला येतील. त्यांचं काय करायचं ते मी बघतो. शेतीतलं मला विशेष कळत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. माझी सगळी नोकरी मोजणी कचेरीत नकाशे काढण्यात गेली.

तुम्ही स्वतःला जपा.

दाजी


१९ नोव्हेंबर

जावईबापू,

तार मिळाली. पत्रही मिळालं. कोरडं लिहिता. नकाशावर नदी दाखवावी तसं.

मी रागावलो आहे आणि ते लपवत नाही. ऑगस्टात कळलं आणि मला नोव्हेंबरात तार! ती नको म्हणाली म्हणून तुम्ही गप्प बसलात? ती लहानपणी ताप असला की अंगावर पाणी ओतून यायची आणि म्हणायची, बघ, गार आहे. तिच्या 'नको'वर जाणारे तुम्हीच पहिले भेटलात. आधी कळवलं असतं तर मी सामानाशिवाय बोटीत बसलो असतो.

असो. आता काय.

व्हॅनिला? आमच्या गावात? आजोबांच्या वेळी सगळा ऊस होता. कंपनीचा ऊस, कंपनीचा वजनकाटा, कंपनीचीच छोटी रेल्वे. मग भाव बसला, कंपनी गेली, रूळ तसेच रस्त्यात राहिले. वडिलांनी ऊस उपटून केळी लावली तेव्हा लोक हसले होते. पाच वर्षांनी तेच लोक आमच्याकडे लावणीसाठी केळीची पिलं मागायला रांगेत. मी गाव सोडलं तेव्हा आठवड्याला दोन बोटी नुसत्या केळ्यांनी भरून निघायच्या. मी इथे बंदरावर केळी पिकवण्याच्या गोदामात लागलो तो आपल्याच गावच्या मालावर.

मुंगी तेव्हा तिकडे पॅकिंग शेडमध्ये होती. (मी तिला मुंगीच म्हणायचो. तुम्हाला तिने हे नाव सांगितलं नसेल.) पत्र लिहायचा आम्हा दोघांना कंटाळा. ती लिंबाच्या काट्याने हिरव्या केळ्यावर टोचून पाठवायची. टोचलेलं तेव्हा दिसत नाही. बोटीत आठ-दहा दिवस गेले की काळं होऊन वर येतं. गोदामात घड उतरले की मी आधी देठाजवळ बघायचो. काय खुणा असायच्या ते आमचं आम्हाला.

मग मर रोग आला. पानं कडेने पिवळी, खोड कापलं की आत तपकिरी. दोन वर्षांत गाव रिकामं झालं. बोटी बंद झाल्या आणि खुणाही. पत्रं लिहायची सवय काही लागली नाही.

शेंगांचं जे योग्य वाटेल ते करा. वेल उपटू मात्र नका.

दादा


११ जानेवारी

दादा,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. रागावलात ते रास्त आहे.

वेल उपटलेले नाहीत. व्हॅनिलाचं तुम्हाला माहीत नसेल म्हणून लिहितो. मलाही तिच्यामुळेच कळलं. वेल आधाराच्या झाडावर चढतो. फूल सकाळी उमलतं आणि दुपारी मिटतं. इथे त्याला फळ धरवणारा किडा नाही, म्हणून प्रत्येक फूल हाताने जुळवावं लागतं. आतला एक पडदा लिंबाच्या काट्याने उचलायचा आणि अंगठ्याने हलकेच दाबायचं. जूनमध्ये ही रोज सकाळी तेच करायची. मी एकदा करून पाहिलं, फूल फाटलं. ती म्हणाली, "तुम्ही आपले नकाशेच काढा."

शेंग लवकरच पुऱ्या लांबीची होते, पण पिकायला नऊ महिने घेते. तेवढा वेळ ती उघड्यावर लटकलेली असते, त्यामुळे चोऱ्या फार. म्हणून इथे प्रत्येक बागायतदार हिरव्या शेंगेवर आपली खूण टोचतो. बुचाला टाचण्या लावून ठसा करतात. शेंग वाळून काळी झाली तरी टोचलेलं जात नाही. खूण कोणी कोणाला आधी सांगत नाही. उत्पादक मंडळात मात्र ती दाखवून ठेवावी लागते.

आमची ही पहिलीच तोड, त्यामुळे आमच्या नावावर खूण नव्हती. हिचा ठसा कुठे सापडला नाही. शिवणाचा डबा, कपाट, सगळं पाहिलं. तेव्हा मी स्वतःच एक केला. त्रिकोण. मोजणीच्या नकाशात पक्क्या बिंदूला आम्ही तो काढतो. मंडळात दाखवला आणि गेल्या आठवड्यात सगळ्या शेंगांवर टोचून झाला, प्रत्येक शेंगेच्या मध्यावर.

मंडळाची कचेरी आता उसाच्या जुन्या वजनकाट्याच्या खोलीत आहे. तुमची पॅकिंग शेड वाळवणीसाठी वापरतात. रूळ अजून रस्त्यात आहेत. सायकल चालवताना सांभाळावं लागतं.

दाजी


१४ एप्रिल

दादा,

मध्ये तुमचं पत्र नाही. तब्येत बरी असेल अशी आशा आहे.

एक अडचण आली आहे आणि ती सोडवायला तुमच्याशिवाय कोणी नाही.

मार्चअखेर शेंगा काढल्या. रीतीप्रमाणे गरम पाण्यातून काढल्या, जाड कापडात गुंडाळून घाम आणला, शेडमध्ये उन्हात पसरल्या. त्या तपकिरी झाल्या तेव्हा तपासनीस आले. गावात त्यांना भिंगवाले म्हणतात, कारण भिंग त्यांच्या गळ्यात दोरीला असतं. त्यांनी माझा त्रिकोण पाहिला, मान हलवली, आणि मग शेंग उलटी केली. मागच्या बाजूला दुसरी खूण होती. बारीक, हिरवेपणी न दिसणारी. एका शेंगेवर नाही, सगळ्या शेंगांवर.

इथे याचा एकच अर्थ होतो. दुसऱ्याच्या बागेतली शेंग चोरायची आणि तिच्यावर आपली खूण टोचायची. दोन खुणांचा माल तो चोरीचा माल, असा मंडळाचा जुना नियम आहे. जुन्या खुणेचा मालक सापडला नाही तर शेंगा शेडसमोर सगळ्यांदेखत जाळतात, आणि बागेचं नाव मंडळातून काढतात. ही खूण कोणाची म्हणून भिंगवाल्यांनी शेडमध्ये विचारलं. कोणी पुढे आलं नाही. मागून एकजण म्हणाला, "नकाशेवाल्यांनी हद्द ओलांडली वाटतं." लोक हसले.

मला वाटतं ती खूण हिची आहे. पण टोचताना मी तिला पाहिलेलं नाही आणि खुणेचा अर्थ मला लागत नाही. तुमच्या नोव्हेंबरच्या पत्रातली केळ्यांची गोष्ट मी भिंगवाल्यांना सांगितली. ते म्हणाले, नातेवाइकाच्या शब्दावर माल सोडता येत नाही. पण त्या भावाने न बघता तीच खूण काढून पाठवली, शेंगेवर ती कुठे असेल तेही दाखवलं, तर मी मानीन. पाकीट बंद आणि थेट मंडळाच्या पत्त्यावर. एकदाच. मुदत जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत.

म्हणून खूण कशी आहे ते मी लिहू शकत नाही. टाकण्याआधी हे पत्र ते वाचणार आहेत.

ही तिने स्वतःच्या हाताने धरवलेली एकुलती एक तोड आहे. ती चोरीची म्हणून जळू नये, एवढंच मला हवं आहे.

दाजी

(वाचले. खुणेचे वर्णन नाही. बाई तीन वर्षं माझ्याशी हुज्जत घालत होत्या की भिंग उलटं धरता. विचारपूर्वक काढा. – तपासनीस)


२९ एप्रिल

दाजी,

तब्येतीचं काही नाही, गुडघे कुरकुरतात एवढंच. पत्र लिहिलं नाही कारण काय लिहावं सुचलं नाही.

तुमच्या भिंगवाल्यांना सांगा, आमच्या मुंगीला चोर पकडता आला असता, चोर होता आलं नसतं. आणि तुम्हाला तर दोन्ही जमणार नाही.

खूण तिचीच असणार. पण घाईने काढता येत नाही. आमची खूण एकच होती आणि ती दर वेळी तशीच नसायची. आता याहून जास्त लिहिलं तर तुमचे तपासनीस म्हणतील, आपसात ठरवलं. म्हणून फक्त विचारतो, त्यांना वाचून दाखवा आणि मगच उत्तर द्या. तिने टोचलं असेल तर कधी? तेव्हा घरात तुम्ही दोघंच होतात, की कोणी आणखी राहत होतं? आणि तिसरं. आपल्याला काय झालंय हे तिला खरंच माहीत नव्हतं?

तिसऱ्याचं उत्तर देताना मला बरं वाटावं म्हणून लिहू नका.

दादा


९ मे

दादा,

भिंगवाल्यांनी प्रश्न वाचले. खुणेशी संबंध दिसत नाही, उत्तरं द्या, असं म्हणाले.

टोचलं असेल तर सप्टेंबरात. त्याआधी शेंगा लहान होत्या आणि त्यानंतर ती अंथरुणातून उठली नाही. सप्टेंबरात ती सकाळी बागेत स्टूलवर बसायची. मला वाटायचं, मोकळ्या हवेसाठी. थोड्या वेळाने हाक मारायची आणि मी स्टूल पुढच्या वेलाखाली नेऊन ठेवायचो. सावली सरकते म्हणून असेल असं मी धरलं. तिच्या मांडीवर वाटीत लिंबाचे काटे असायचे. ते फुलांच्या वेळचे राहिले असतील असं वाटलं. फुलं केव्हाच संपली होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

घरात आम्ही दोघंच होतो.

तिसऱ्याचं उत्तर तेच आहे. तिला माहीत नव्हतं. आजाराबद्दल ती कधी बोलली नाही, मीही विषय काढला नाही. उलट ती पुढच्या वर्षीचंच बोलायची. कोणत्या वेलाची कलमं घ्यायची, कोणत्या झाडाची फांदी छाटायची. पडून पडून वेळ जात नव्हता म्हणून मला स्वयंपाकही शिकवला. चूल कशी पेटवायची, कोणत्या डब्यात काय, दूध उतू जाण्याआधी कसं दिसतं. मला काही जमेना आणि ती हसायची. "परीक्षा आहे असं समजा," म्हणायची. तिचे दिवस बरे गेले असं मी म्हणेन.

शेंगा शेडमध्ये वेगळ्या खोक्यात सील करून ठेवल्या आहेत. वास बाहेर येतो.

दाजी

(वाचले. – तपासनीस)


२३ मे

दाजी,

मंडळाच्या पत्त्यावर पाकीट याच बोटीने जात आहे. हे पत्र तुम्हाला वेगळं. पाकीट उघडेपर्यंत हे उघडू नका असं वर लिहिलं आहे, आणि तुम्ही सांगितलेलं ऐकणारे आहात हे मला आता कळलं आहे.

आता तुम्हाला सांगतो. आमची खूण म्हणजे घरातली माणसं. मी गाव सोडलं तेव्हा घरी आई, वडील आणि ती. म्हणून तीन ठिपके रांगेत, मग थोडी जागा, मग एक ठिपका. तो मी. तीन घरी, एक बाहेर. बाकी काही नाही. खुशाली नाही, निरोप नाही. आहोत, एवढंच. देठाजवळ, मागच्या बाजूला, म्हणजे शेडमधल्या मुकादमाला दिसू नये.

एकदा घड उतरले आणि खुणेत दोन ठिपके आणि एक. मी गोदामात खाली बसलो. वडील गेल्याचं पत्र त्याच्या पुढच्या बोटीने आलं. तिने ते केळं कधी टोचलं याचा हिशेब मी नंतर केला. घड भरले तेव्हा वडील अजून होते. बोलत होते, पाणी पीत होते. पण तिने त्यांना मोजलं नव्हतं. मी कधी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मुंगी अशी होती. तिला जे दिसायचं ते ती टोचायची.

म्हणून मी तुम्हाला ते तिसरं विचारलं. तिला माहीत नसेल तर शेंगेवर दोन ठिपके आणि एक. तुम्ही दोघं घरी (आई तर केव्हाच गेली), मी बाहेर. तुमचं उत्तर आलं, माहीत नव्हतं. त्यावर विश्वास ठेवायचा तर काम सोपं होतं. तसा कागद मी काढलाही.

मग तुमचं पत्र परत वाचलं. दाजी, ज्या बाईने तुम्हाला इतकी वर्षं स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही, ती एकाएकी तुम्हाला चूल पेटवायला शिकवते ते वेळ जात नाही म्हणून? तुम्ही तिच्यापासून लपवत होतात. ती तुमच्यापासून लपवत होती की तिला कळलंय. तुम्हा दोघांचं बरं जमलं होतं म्हणायचं.

पहिला कागद फाडला. दुसऱ्यावर एक ठिपका काढला, जागा सोडली, आणि एक ठिपका.

चुकलो असेन तर शेंगा जातील. पण त्याबरोबर असंही ठरेल की तिला माहीत नव्हतं, आणि तुम्ही म्हणता तसे तिचे दिवस बरे गेले. मी चुकावं असंही थोडं वाटतं.

दादा


८ जून

दादा,

पाकीट परवा उघडलं. भिंगवाल्यांनी सगळ्या बागायतदारांना शेडमध्ये बोलावलं होतं. तुमची केळी मोजायची जुनी टेबलं अजून तिथेच आहेत, त्यांतल्या एकावर खोकं ठेवलं. सील फोडलं. एक शेंग काढून कागदाशेजारी ठेवली, वाकून बराच वेळ पाहिलं. मग दुसरी काढली, मग तिसरी. भिंग गळ्यातून काढून माझ्या हातात दिलं.

एक ठिपका. जागा. एक ठिपका. देठाजवळ, मागच्या बाजूला.

मागे उभ्या असलेल्यांपैकी कोणी तरी म्हणालं, "नकाशेवाले, बाग तुमचीच निघाली की!" यावेळी हसणं वेगळं होतं. भिंगवाले म्हणाले, "तुमचा त्रिकोण रद्द. बाईंची खूण कायम. आणि पुढच्या वेळी टोचण्याआधी घरात विचारत चला." म्हणाले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. माझ्या हातातलं भिंग परत घेऊन ते पुसत राहिले.

घरी येऊन तुमचं पत्र उघडलं.

एक गोष्ट सांगायची राहिली होती. एप्रिलात शेंग उलटी केली तेव्हा ते दोन ठिपके मी पाहिले होते. खूण हिची असेल तर एक ठिपका ती आणि एक मी, असं मी मनाशी धरलं होतं. मधली जागा कशाला, एवढंच कळत नव्हतं. तुमचं पत्र वाचल्यावर कळलं.

तुम्ही चुकावं असं तुम्हाला वाटत होतं. मलाही वाटलं असतं, आधी माहीत असतं तर. पण आता कळलं ते बरं झालं असं वाटतं. व्हरांड्यात मी डॉक्टरांशी बोललो तेव्हा खिडकी उघडी होती. ती स्टूल पुढे घ्यायला सांगायची आणि मी घ्यायचो. बागेतला एकही वेल टोचायचा राहिला नाही.

शेंगा पेटीत ठेवल्या आहेत. अजून काही महिने मुरायला हव्यात. एक या पत्राबरोबर पाठवत आहे. कच्ची आहे, पण खूण दिसेल. भिंग लागेल.

चूल मला आता जमते. दूध अधूनमधून उतू जातं.

वेलांना परत फुलं येऊ लागली आहेत. मी काटा घेऊन रोज सकाळी जातो. पहिल्या दिवशीची सगळी फाटली. काल काही टिकली. तिचं जसं होतं तसं एका हाताने होत नाही, मला दोन्ही लागतात, आणि वेल धरायला आणखी कोणी असतं तर बरं, असं दर वेळी वाटतं. स्टूल दोन आहेत.

खूण वर्षातून एकदा बदलता येते, नव्या शेंगा टोचण्याआधी. म्हणजे सप्टेंबरपर्यंत. तुम्ही आलात तर मधली जागा काढावी लागेल. भिंगवाल्यांना विचारून ठेवलं आहे. हरकत नाही म्हणाले.

दाजी